मिश्रीची डबी

शाळेच्या आरोग्य-पाहणीचे कागद मांडीवर घेऊन कुसुमताई मास्तरीणबाई पिंपरी स्टेशनच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या दोघींचं बोलणं त्यांच्या कानांवर आपसूकच पडत होतं.

"रहमतबी, आमच्या अनशीनं शाळेच्या कागदावर लिवलं, तंबाखू वापरते म्हून. घरी येऊन तिनंच सांगितलं."

"कौशल्ये, पोरगी तंबाखू खाते?"

"खात न्हाई, दातांना मिश्री लावती. लावत्यात समद्याच, पर बाकीच्या पोरींनी 'न्हाई' लिवलं."

"अन् शिकवली कुणी?"

"त्येबी इचारलं व्हतं. आईनं, म्हून लिवलं तिनं."

"मग झोडपली असशील तिला."

"न्हाई. डबी चुलीत घातली, दोघींचीबी सुटली."

"पोरीनं तुझंच नाव लिहिलं, अन् वर मिरवतीस?"

"म्होरला सवाल व्हता, मनातलं कुणापाशी बोलतीस? तितंबी तिनं आईच लिवलं."