टंबलरभर पीठ

तंजावूरच्या बसस्टँडवर भुवनेश्वरीच्या शेजारी बसलेल्या बाई फोनवर लेकीवर करवादत होत्या. फोन स्पीकरवर होता.

“टंबलरभर तांदूळ दोनशे ग्रॅम भरले, म्हणून पीठही दोनशेच घातलंस? पीठ हलकं असतं गं! गुळाची अदिरसं तळल्यावर दगड होतील नाही तर काय?”

“मग पीठ किती ग्रॅम घालू, अम्मा? उद्या अप्पांची तिथी आहे.”

“ग्रॅम मला काय ठाऊक! टंबलरभर.”

“पण कुठला टंबलर?”

“त्यांचा, काफीचा. तू नेलास ना?”

“तो देवाजवळ ठेवलाय. त्याला कुणी हात लावत नाही.”

बस आली. बाई उठल्या नाहीत.

“काढ तिथून आधी! देवापुढे घटकाभर बसले नाहीत ते कधी, सारखे स्वयंपाकघरात घुटमळायचे. पीठ भर त्यात.”