नानांची जपानीण

मंडळी, नमस्कार.

शांतावैनी, नानांची लेक उज्ज्वला, कवठे महांकाळची वडीलधारी माणसं, आणि जतहून, मिरजेहून, कराडहून उन्हातान्हाचे आलेले सगळे स्नेही. त्रिशरण-पंचशील झालं. तसबिरीला फुलं वाहून झाली. आता मी बोलायचं, असं ठरलंय. कुणी ठरवलं ते मला माहीत नाही.

मला रडवणारं बोलता येत नाही. साताऱ्याचा माणूस मी, पण उमेदीची सगळी वर्षं बहारीनमध्ये एका गोदामात स्टोअरकीपर होतो. माल आला, माल गेला, एवढंच बघायची सवय. तेव्हा जे बघितलं ते सांगतो. कोरडं वाटलं तर वाटू द्या.

यशवंत नाना आधी सैन्यात ड्रायव्हर होते. पेन्शनीत निघाल्यावर मस्कतला गेले, तिथंही ड्रायव्हरच. कायमचे परत आले तेव्हा लोकांनी सोनं आणलं, टीव्ही आणले. नानांनी बोटीतून गाडी आणली. जपानी गाडी. गेल्या आठवड्यात दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठलेच नाहीत. कुणाला काही करायची वेळच आली नाही. डॉक्टरही तेच म्हणाले. इतकं साधं झालं सगळं.

आता एक खरं सांगतो. आज सकाळी आम्ही तिघं इथं आलो. मी, कराडचे शिंदे आणि मिरजेचे मुल्लाभाई. आम्ही आधी तसबिरीकडं बघितलं नाही. आम्ही आधी लिंबाखालच्या गाडीकडं बघितलं. का बघितलं, ते तुम्हाला कळायला हवं. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आम्ही तिघंही आखातातून तीच गाडी घेऊन आलेलो. त्याच कंपनीची. कंपनीचं नाव मी घेणार नाही. वैनींनी कधी नानांचं नाव घेतलं नाही, आम्ही कधी गाडीचं घेतलं नाही. सगळा तालुका तिला जपानीण म्हणतो, आम्हीही जपानीणच म्हणतो.

नानांना त्या कंपनीची कुळकथा तोंडपाठ होती. मस्कतला मालकाच्या ऑफिसात बसून बसून ऐकलेली. ती कंपनी आधी गाड्या करतच नव्हती. माग करायची. कापड विणायचे माग! हे सांगताना नानांची छाती फुगायची, कारण त्यांचे वडील विट्याला मागावर होते. म्हणायचे, "गड्या, आमच्याच भावकीची हाय ती कंपनी." त्या मागाची खुबी अशी, की एक धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. खराब कापड पुढं जायचंच नाही. पुढं त्यांनी गाड्या काढल्या, युद्धात ट्रक केले, युद्धानंतर बुडता बुडता वाचले. अमेरिकेत पहिली गाडी पाठवली तर तिथल्या मोठ्या रस्त्यांवर ती धापा टाकायला लागली. लोक हसले. त्यांनी निमूट गाडी परत नेली, सुधारली, आणि पुन्हा पाठवली. नाना म्हणायचे, "थांबायला लाजायचं न्हाई. थांबला म्हंजी हरला आसं नसतंय."

आणि ते थांबायचे हो! पसरणीच्या घाटात, ऐन वळणावर, मागं गाड्यांची रांग, आणि नानांना कुठंतरी 'टुक' असा आवाज आला की गाडी कडेला. बॉनेट उघडायचं. आम्ही वैतागायचो. एकदा तर तो आवाज मुल्लाभाईंच्या खिशातल्या अडकित्त्याचा निघाला.

ती गाडी वाळवंटासाठी घडवलेली. जतच्या मे महिन्यात लोक ओली फडकी डोक्याला गुंडाळून बसायचे आणि जपानीण आत थंडगार. वेग फार वाढला की तिच्यात एक घंटी किणकिणायची. आपल्या रस्त्यांवर ती घंटी कधी वाजलीच नाही. नाना हळहळायचे, पोरीचा आवाज चांगला हाय पण गायला मिळत न्हाई, म्हणून.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. आखातात रस्त्याच्या उजवीकडून चालवतात. म्हणून आमच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडं. मागं लाल अक्षरांत लिहिलेलं, लेफ्ट हँड ड्राइव्ह. पोलीस हटकून उजव्या खिडकीशी यायचे आणि वैनींकडं लायसन मागायचे. वैनी पदर सारखा करून म्हणायच्या, "मी न्हाई ओ, पल्याडचं चालिवत्यात."

ज्यांनी अशी गाडी चालवलेली नाही त्यांना सांगतो. डावीकडं बसलं की पुढच्या ट्रकपलीकडचं काहीच दिसत नाही. उसाची ट्रॉली पुढं असली की नुसतं उसाचं वाडं बघत बसायचं. पुढं काढायची असेल तर उजवीकडच्या माणसानं सांगावं लागतं. म्हणजे गाडी दोघांनी चालवायची. एकाचे हात, एकाचे डोळे.

नानांचे डोळे म्हणजे वैनी.

वैनी उंचीनं बेताच्या. म्हणून उजव्या सीटवर एक उशी. जुन्या लुगड्याची, त्यांनीच शिवलेली. त्या उशीवर बसून वैनी रस्ता बघायच्या. नाना विचारायचे, "मोकळं हाय का?" वैनी म्हणायच्या, "मोकळं हाय." की गाडी पुढं. वैनी म्हणाल्या "न्हाई", की गाडी मागं. तिसरा शब्द नाही.

एकदा जतच्या रस्त्याला पुढं पाण्याचा टँकर. मी आणि शिंदे मागं बसलेलो. शिंद्यांनी मान बाहेर काढून बघितलं. रस्ता रिकामा. म्हणाले, "जावा की ओ नाना, सगळं मोकळं पडलंय." नानांनी विचारलं, "मोकळं हाय का?" वैनी म्हणाल्या, "न्हाई." शिंदे चिडले. सैन्यातून सुभेदार म्हणून निघालेला माणूस, शिवाय बागायतदार, त्यांना नाही ऐकायची सवय नाही. नाना शांतपणे म्हणाले, "तिनं न्हाई म्हनलं न्हवं? मग न्हाई." आणि पुढच्या वळणाला बांधावरून मेंढरांचा सगळा कळप धडाधडा रस्त्यात उतरला. वैनींना बांधापलीकडची धूळ दिसली होती. शिंदे, आठवतंय ना? त्यानंतर तुम्ही जतपर्यंत तोंड उघडलं नव्हतं.

दुसरी गोष्ट वैनींची माफी मागून सांगतो. मिरजेला मुल्लाभाईंच्या मुलीचं लग्न होतं. निघताना नवराबायकोचं वाजलं. कशावरून, ते दोघांनी कधी सांगितलं नाही. गावाबाहेर पडल्या पडल्या पुढं उसाची ट्रॉली आली. नाना विचारीनात, वैनी सांगीनात. रस्ता मोकळा, ट्रॉली बैलाच्या चालीनं, आणि मागं ही चकचकीत जपानीण, कवठे महांकाळपासून मिरजेपर्यंत! लग्न लागून गेलं, पंगती उठल्या, तेव्हा ही दोघं मांडवात आली. मुल्लाभाईंनी विचारलं, काय झालं? नाना म्हणाले, "रस्ता मोकळा न्हवता." आणि वैनींना हसू फुटलं.

तुम्ही हसताय. बरं वाटलं. नानांच्या घरी कुणी न हसता परत गेलेलं मी बघितलेलं नाही.

आता त्या लिंबाखालच्या गाडीकडं येतो. या गाड्यांचे भाग इथं मिळत नाहीत. सांगली बघा, पुणे बघा, नाहीच. म्हणून आमची एक रीत पडली. एकाचं अडलं की दुसऱ्यानं आपल्या गाडीचा भाग काढायचा, फडक्यात बांधायचा आणि एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली करायचा. कोण किती दिवस वापरतो, कुणी विचारायचं नाही. कुणाच्या गाडीत कुणाचं काय आहे, ते आता आमचं आम्हालाही सांगता येणार नाही.

दरवर्षी स्ट्रॉबेरीच्या दिवसांत आम्ही पाचगणीला जमायचो, बायकापोरांसकट. एका वर्षी टेबललँडवर बसलेलो असताना शिंद्यांनी ठराव मांडला. आपल्यातला जो आधी जाईल, त्याची जपानीण बाकीच्यांनी खोलून वाटून घ्यायची. म्हणजे उरलेल्या तरी चालत राहतील. सगळे हसले. नाना सगळ्यांत मोठ्यानं हसले. म्हणाले, "कबूल. शब्द दिला. पर मी तुमच्या सगळ्यांच्या खोलून मग जानार." वैनी तिथंच होत्या, स्ट्रॉबेरीची देठं खुडत.

आणि गेले नानाच आधी. चौघांतली सगळ्यांत चांगली राखलेली गाडी त्यांची. शिंद्यांचा गिअरबॉक्स गेलाय. मुल्लाभाईंचं रेडिएटर गळतंय. माझ्या गाडीतला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे इंजिनात ठिणगी वाटून देतो तो, नानांचाच आहे. माझ्या मंडळींना पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून नानांनी गेल्या महिन्यात काढून पाठवला. तेव्हापासून त्यांची गाडी उभी. आता कळलं आम्ही आधी गाडीकडं का बघितलं ते?

परवा मी भेटायला आलो होतो. वैनींनी चहा दिला. मग म्हणाल्या, "भाऊजी, गाडी कवा खोलताय?" मी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "आवं, ह्यांनी शब्द दिलाय. माझ्यापायी मोडायला नगं." मी बाहेर जाऊन गाडी बघितली. वैनींनी ती धुऊन पुसून ठेवली होती. नानांचा टॉवेल धुऊन, घडी घालून सीटवर. आणि उजव्या सीटवर उशी नव्हती. वैनींनी उशी काढून घरात नेली होती.

मंडळी, मी कोरडा माणूस आहे. पण ती रिकामी सीट बघून मला तिथं उभं राहवलं नाही. खरंच राहवलं नाही.

शब्द दिला होता, मान्य. पण नानांनीच शिकवलंय, धागा तुटला की माग थांबवायचा. म्हणून आज सकाळी लिंबाखाली मी विषय काढला. ही गाडी खोलायची नाही. मुल्लाभाई लगेच म्हणाले, "माझं रेडिएटर गळू द्या." शिंद्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दारावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ठराव माझा हुता. मीच मागं घेतो. माझी गाडी बसली तर बसू दे." शिंदे, तुमच्या गाडीचं मला वाईट वाटतंय. पण तुमचा मोठेपणा मी विसरणार नाही.

आमच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या इस्माईल मिस्त्रींनी सकाळीच माझ्या गाडीतला डिस्ट्रिब्युटर काढून नानांच्या गाडीला बसवलाय. माझी गाडी समोर शाळेच्या भिंतीला उभी आहे, मी एस.टी.नं जाईन. आणि उज्ज्वला, तू सांगलीच्या दवाखान्यात नर्स आहेस, स्वतःची जीप चालवतेस. डावीकडं बसायची सवय चार दिवसांत होईल. उजवीकडचं तुला शिकायला नको. ते करणारं माणूस घरात आहे.

वैनी, तुमची उशी आणा. ती घरात ठेवायची वस्तू नाही.

आता शेवटचं. नानांना आपल्या इंजिनाचा फार गर्व. पाहुणा आला की गाडी सुरू करून म्हणायचे, "गप ऱ्हावा, तरच ऐकू येतंय." आम्ही श्वास धरून उभे राहायचो. तरीही नीट ऐकू यायचं नाही. त्यातच त्यांना आनंद.

तर उज्ज्वला गाडीत बसेल, वैनी आपल्या जागी बसतील. उज्ज्वला किल्ली फिरवेल. आपण सगळ्यांनी उभं राहायचं आणि नानांनी सांगितलं तसं गप राहायचं. किती वेळ, ते मी सांगणार नाही. माझ्या हातात घड्याळ आहे, पण हे काम माझं नाही. वैनी समोरचा रस्ता बघतील. त्यांना वाटेल तेव्हा त्या म्हणतील, मोकळं हाय. मग बसा.

नाना, जय भीम.