प्रेमात नक्की कधी पडलात?

यार, आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरी परवा गंमतच झाली. माझ्या सासूबाई प्रचंड बोलक्या आणि सासरे एकदम अबोल. सासूबाई माझी एक कादंबरी वाचत होत्या. त्यात नाइलाजाने एका फ्लॅटमध्ये राहणारी, अगदी उलट स्वभावाची दोघं शेवटी प्रेमात पडतात. पुस्तक मिटून त्यांनी सासऱ्यांना विचारलं, “अहो, आपलंही असंच की. पण तुम्ही माझ्या प्रेमात नक्की कधी पडलात?”

चहा गाळता गाळता मी थांबलेच. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आधी चष्मा पुसायला घेतला, तसा सासूबाईंचा चेहरा उतरायला लागला. मग ते म्हणाले, “माझी दिल्लीला बदली झाली, तेव्हा.”

“अहो, तेव्हा तर मी मुलाच्या परीक्षेसाठी पुण्यातच राहिले होते!”

“हो ना. इथलं क्वार्टर मला हवं तसं अगदी शांत होतं. आणि मला ते सहनच होईना.”

सासूबाईंचे डोळे भरून आले. “अच्छा! मग मी दिल्लीला आल्यावर सांगितलंत का नाही?”

“सांगणार होतो,” बाबा म्हणाले, “पण तू आलीस, आणि तेव्हापासून मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही.”