डाव्या हाताची सही

सावर्ड्याहून रत्नागिरीला निघालेल्या एसटीत श्रुती मांडीवरच्या लेकीला थोपटत होती. पुढच्या सीटवर एक वायरमन आणि त्याची बायको बोलत होती. परवाना मंडळाने त्याचं लायसन रद्द केलं होतं, आज अपिलाची सुनावणी होती.

“साहेब विचारणार, अर्थिंग तपासलंत काय?”

“तपासलं म्हणा.”

“मग नव्हतं ते दिसलं कसं नाय, म्हणतील.”

“तर नाय तपासलं म्हणा.”

“मग रिपोर्टवर सही कशी केली?”

“माझ्या भावाचं घर. तुम्ही जेवायला बसलेलात, त्याने कागद पुढे केला. उजवा हात सारभातात, म्हणून डाव्याने केलीत.”

“असं सांगू?”

“सारभात नका सांगू.”

“म्हणजे एक तर मला काम येत नाय, नायतर मी खोटारडा. लायसन कशावर मिळेल?”

“कशावरच नाय मिळणार. पण काम येत नाय असं कागदावर नको. उद्या कोण बोलवेल तुम्हाला?”

“मग खोटारडा?”

“व्हय. आणि त्या घरात शॉक बसलेली माझी वहिनी आता बरी हाय, तेही सांगा.”

श्रुतीने एका हाताने मुंबईला नवऱ्याला मेसेज लिहिला : आपल्या घराचं अर्थिंग तपासायला कोणी आलं होतं, की नुसता कागद आला?