रोलरचं दुखणं

...आणि वर मलाच विचारतात, आजोबा, घरातलं काय लावलं म्हणजे रोलर नवा होतो? अहो, मला काय माहीत? तुमचा तो कम्प्युटरचा प्रिंटर, त्याच्यात करंगळीएवढा रबरी रोलर, तो कागद ओढीना झाला की कुणी त्याला स्पिरिट लावतं, कुणी भांड्यांचा साबण लावतं, एकानं तर बायकोचं नेलपॉलिश काढायचं पाणी लावलं, रोलरचा चिकट हलवा झाला, आणि तो हलवा माझ्या नाकापुढं धरून म्हणतो, आता काय करू? मी काय रोलरचा वैद्य आहे का रे बाबा? पण शहागंजात कुणीतरी उठवून दिलंय की मुंजाबा म्हाताऱ्याकडं, म्हणजे माझ्याकडं, गंधपुऱ्याच्या तेलाचा नुस्खा आहे, दगड झालेलं रबर लोण्यासारखं होतं. होतं, खरं आहे. पण तुम्हाला सांगतो, ते तेल रोलरसाठी आलंच नव्हतं. ते माणसासाठी होतं. माणूस राहिला बाजूला आणि रोलर बरा झाला. रबराचं बरं असतं.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून एक मोर्चा, देऊ नका म्हणून दुसरा, तिकडं खेड्यांत घरं जळत होती, इकडं चिकलठाण्याला कारखान्याला लागून कारखाना उभा राहत होता, आणि त्या कारखान्यांच्या औषधांची लेबलं आम्ही शहागंजात छापत होतो. शहरात आग लागो नाहीतर संचारबंदी, लेबल पाहिजे. छापखाना युसूफभाईंचा, पायानं मारायचं एक ट्रेडल मशीन, मशीनवर मी आणि खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला कचरू. शाईचा रोलर असा कडक झालेला की नख मारलं तर नखच वाकायचं. शाई अर्ध्या लेबलावर बसायची, अर्ध्यावर नाही. नवा रोलर यायचा मुंबईहून, आणि त्या दिवसांत मुंबईचं सोडा, जालन्याची एसटीसुद्धा आमच्याकडं यायला घाबरायची.

त्या दिवशी कचरू कामावर नव्हता, मोर्च्याला गेला होता, नाव द्या म्हणणाऱ्या. दुपारी मागच्या दारानं आला तो चालत नाही, भिंत धरून धरून. लाठीमारात सापडलेला. शर्ट पाठीला चिकटला होता, मी हलक्या हातानं सोडवायला गेलो तर शर्टाबरोबर कातडं यायला लागलं. उजवा हात लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा उधार आणल्यासारखा. कानामागून रक्त चाललेलं... आणि विचारतो काय, ‘‘भाऊ, लेबलं किती राहिली?’’

युसूफभाई तर कपाळाला हात लावून खालीच बसले. ‘‘अरे इधर कायकू आया रे तू? गली के मुंह पे पोलीस खड़ी है. तेरे को मारेंगे, फिर मेरे को मारेंगे, और मेरा तो खाली नाम पूछना, बस. नक्को रे बाबा नक्को.’’ असं म्हणत म्हणत स्वतःच उठले, भिंतीलगतची कागदाची रिमं पुढं ओढली, मागं माणूस आडवा होईल एवढी जागा केली, त्यात स्वतःची शाल अंथरली, आणि वर पुन्हा ओरडायला मोकळे, ‘‘शाल को खून नक्को लगाना.’’

मी बायकोला निरोप धाडला. आमचं घर मूळचं सोयगावकडचं, मेंढरं राखणारं. मेंढराचा पाय मुरगळला की गंधपुऱ्याचं तेल, टर्पेंटाईन आणि कापूर एकत्र करून चोळायचं, ही आमच्याकडची रीत. बानाबाई पदराखालून बाटली घेऊन आली, कचरूची पाठ बघितली, तोंड फिरवलं आणि म्हणाली, ‘‘मेंढराला गुण येतो, ह्याला यायचा नाय का? जखमेवर नका लावू, हातावर लावा.’’ आणि गेली.

आता हे तेल कसं असतं माहीत आहे का? बूच काढलं की वास आधी गल्लीच्या तोंडाला जातो आणि मग आपल्या नाकाला येतो. आणि त्या दिवशी पोलिसांनी काय युक्ती काढली होती? वास घेत फिरत होते! ज्याच्या अंगाला दुखण्याच्या तेलाचा वास, त्यानं मार खाल्लेला. ज्यानं मार खाल्ला, तो मोर्च्यातला. जो मोर्च्यातला, त्याला परत मार. कचरूला त्या अवस्थेत पुन्हा उचलला असता तर तो घरी चालत आला नसता, चौघांच्या खांद्यावर आला असता. आणि मी शहाण्यानं बूच काढलं.

दारावर लाठी बसली, बसली म्हणजे दार आतच आलं. हवालदार मल्हारराव. उंच, रुंद, आणि घामानं निथळलेला, दिवसभर कापणी केल्यासारखा. आला, हवेत नाक वर केलं, आणि माझ्या पोटरीवर एक दिली. मग मांडीवर एक. मी खाली पडलो, पडताना खिळ्यांचा खण ओढला गेला, सगळी बाराखडी फरशीवर... आणि मग विचारतो, ‘‘तेल कुणाला लावतोस रं?’’ बघा, आधी विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

माझं तोंड तसं सावकाश चालणारं. चार माणसांत शब्द फुटत नाही माझा. पण पोटरीत असा जाळ उठला होता की तोंड आपलं आपण बोललं. म्हणालं, ‘‘रोलरला.’’

‘‘रोलरला? त्याला काय वात झालाय?’’

‘‘व्हय साहेब. कडक झालाय. वाकत नाय.’’

तिसरी पाठीवर. युसूफभाई हात जोडून मध्ये आले, ‘‘हौ साब, सच बोलता है, बहुत दिनों से बीमार है बेचारा.’’ एक त्यांनाही मिळाली.

‘‘लाव मग. बघू दे मला.’’

लावलं. काय करणार? रिमांच्या फटीतून कचरूचा एक डोळा दिसत होता, आणि त्या डोळ्यासमोर मी ओंजळ ओंजळ तेल त्या रबराला चोळत होतो. वरून खाली, खालून वर, बाळंतिणीला चोळावं तसं. रबराला पोटरी नाही, कातडं नाही, कुणी त्याला मोर्च्याला गेलास का म्हणून विचारत नाही. रबराचं बरं असतं.

‘‘आता चालव.’’ सुजल्या पायानं मशीन मारलं. आणि तुम्हाला सांगतो, लेबल असं उतरलं की काय सांगू. कडेपासून कडेपर्यंत शाई, अक्षर न् अक्षर सुटं. मेंढराचं तेल रबराला लागू पडेल हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं? युसूफभाई मार विसरले, कचरूला विसरले, लेबल उजेडात धरून म्हणाले, ‘‘माशाल्ला, मुंजाबा, ये तेल रोज मंगाना.’’

मल्हाररावानं लेबल बघितलं, बाटली बघितली, खांदा जरा गोल फिरवला. मग मला म्हणाला, ‘‘गाव कंचं तुझं?’’

‘‘सोयगावकडलं.’’

‘‘कुणाच्यातला?’’

सांगितलं. त्यानं लाठी भिंतीला टेकवली. ‘‘आरं, मग आधी बोलायचं नाय का? पाव्हणं निघालात की आमचं. उगं मारलं तुम्हाला.’’ उगं म्हणे. म्हणजे सकाळपासून बाकीच्यांना मारलं ते विचार करून मारलं होतं काय? पण असं विचारू कसं? पाव्हणा झालो होतो ना आता.

पाव्हणा गेला असता तर बरं झालं असतं. पण नाही, पाव्हणचार पाहिजे. ‘‘सकाळपून लाठी फिरवून खांदा पार गेलाय बगा. चोळा जरा.’’ शर्ट काढला आणि आडवा कुठं झाला? रिमांवर. वर हवालदार, मागं कचरू, मध्ये फक्त कागद. आणि आडवं पडल्या पडल्या सांगायला लागला, आज कुणाला कसा हाणला, एकजण हात मध्ये घालत होता तर हातच कसा वाजवला, कट्टकन आवाज आला म्हणे, ओली फांदी मोडल्यासारखा. ज्याचा हात वाजला होता तो हातभर अंतरावर ऐकत होता. आणि तो कण्हला.

‘‘कोण कण्हलं?’’

‘‘मशीन हो. जुनं झालंय.’’

पण दुखणं काय एका कण्हण्यावर थांबतं? परत येणार, हे मला कळलं. मग मी काय केलं, अंगठा हवालदाराच्या खांद्याच्या सांध्यात घातला आणि सगळा भार दिला. तो बोंबलला. तो बोंबलला तेवढ्यात मागं कचरू कण्हून घेई. मी पुन्हा दाबलं, पुन्हा वर बोंब, मागं कण्हणं. ‘‘हळू की वं, पाव्हणं.’’ ‘‘शीर आखडलीय साहेब, सोडवाय लागतीय.’’ आयुष्यात मुंगीवर पाय दिला नाही मी, पण त्या दिवशी त्या माणसाला असा रगडला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. कचरूला जेवढं कण्हायचं होतं तेवढं कण्हू दिलं. शेवटी मल्हारराव उठला, हात वर-खाली केला, म्हणाला, ‘‘हलकं वाटतंय.’’ आणि उरलेली बाटली घेऊन गेला.

कचरूला ओढून बाहेर काढलं. माझ्या तळव्यांना जो ओलावा राहिला होता तेवढा त्याच्या हाताला पुसला. रोलरला अर्धी बाटली, मारणाऱ्याला अर्धी, आणि मार खाणाऱ्याला पुसापुशी. रबराचं बरं असतं, दुसरं काय.

कचरू बरा झाला, पण हात खांद्याच्या वर जाईना. वरच्या खणातले खिळे मी काढून द्यायचो. आणि मल्हारराव? तो यायला लागला की! पाव्हणं, खांदा भरलाय, म्हणत. त्याचा खांदा भरला की आम्ही समजायचो, कुठंतरी मोर्चा झाला. वर्तमानपत्र घ्यायची गरजच पडेना. तो आडवा पडायचा, मी चोळायचो, आणि कचरू आमच्याकडं पाठ करून खिळे जुळवायचा.

एकदा माझी बोटं मशीनमध्ये सापडून फडक्यात बांधलेली होती. मल्हारराव आला, शर्ट काढला, रिमांवर पडला, माझा हात बघून म्हणाला, ‘‘मग ह्याला सांगा की. ए, ये रं, तू दाब.’’ कचरू आला. हात धुतले, पुसले, डाव्या तळव्यावर तेल घेतलं. आणि हवालदारानं पडल्या पडल्या, सवयीनं, ‘‘गाव कंचं तुझं? कुणाच्यातला?’’

कचरूनं सांगितलं. आवाज चढवून नाही, पाडून नाही, जसं मला विचारतो लेबलं किती राहिली, तसं.

मल्हारराव उठून बसला. शर्ट घातला, एकेक बटण लावलं. ‘‘ऱ्हाऊ दे,’’ म्हणाला, ‘‘आता बरं वाटतंय.’’ आणि गेला तो पुन्हा आला नाही. इतके दिवस मी अंगठे मोडले, तो खांदा असा बरा झाला, हात न लावता.

कचरू तळव्यावर तेल घेऊन तसाच उभा. मग म्हणाला, ‘‘भाऊ, तेल वाचलं.’’

आता तळव्यावरचं तेल बाटलीत तर परत घालता येत नाही ना. समोर रोलर होता, त्यालाच पुसलं.