सोन्यावर बसलेलं प्लॅटिनम

बाई : वाचता येतंय गं मला सगळं, अगदी खालची ओळसुद्धा. मी डोळे तपासायला आलेच नाहीये.

चष्मेवाली : मग बाई, आमच्या दुकानात कशा? तेही सहा वर्षांनी?

बाई : माफी मागायला. आपल्या प्रयोगशाळेतलं ते सच्छिद्र सोनं आठवतं?

चष्मेवाली : विसरेन कशी? सोन्याचांदीचा वर्ख ॲसिडमध्ये ठेवायचा. चांदी विरघळायची, उरलेलं सोनं स्पंजासारखं व्हायचं. मग त्याच्यावर मिथेनॉलपासून वीज. तुमच्या हातून भरभरून, माझ्या हातून चिमूटभर!

बाई : ती वीज सोन्याची नव्हतीच. समोरच्या टोकाला प्लॅटिनमची तार असायची ना, ती झिजून झिजून सोन्यावर बसत होती. काम प्लॅटिनमचं आणि कौतुक सोन्याचं. परवा तारेचं वजन केलं, ते घटलेलं निघालं, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं.

चष्मेवाली : मला तर तुम्ही तार कधी दिलीच नाहीत.

बाई : कुठून देणार? तू काचेचं भांडं फोडलंस, म्हणून मी तार कुलपात घातली आणि तुला कार्बनची कांडी दिली. अख्ख्या प्रयोगशाळेत तुझेच आकडे खरे होते गं. आणि मी सगळ्यांदेखत तुला वेंधळी म्हणून मोकळी झाले. लाज वाटते मला. आरशात बघवत नाही.

चष्मेवाली : बसा आधी. पाणी आणते.

बाई : पाणी नको, तुझी प्रयोगांची वही हवी. त्या सोन्यावर छापलेला पेपर मी मागे घेतेय. खरे आकडे तुझ्या नावानं छापायचेत. आहे ना वही?

चष्मेवाली : आहे. पण देणार नाही.

बाई : रागावलीस? रागाव. हक्कच आहे तुझा.

चष्मेवाली : राग नाही हो. शेवटची चार पानं... तिथे माझे आकडे तुमच्याइतके आहेत.

बाई : माहितीये. त्यांच्याच भरवशावर तर मी पेपर पाठवला! थांब. तेव्हा तरी दिली होती का मी तुला तार?

चष्मेवाली : नाही.

बाई : मग नुसत्या कांडीवर एवढी वीज आली कशी?

(चष्मेवाली पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहते.)

चष्मेवाली : आली नव्हती. मनानंच लिहिले आकडे. पुढच्याच आठवड्यात सोडून गेले. तुम्हाला तोंड दाखवायची सोय नव्हती.

बाई : अगं, पण का? खरं ते हातात असताना...

चष्मेवाली : दोन वर्षांत तुम्ही मला त्या एकाच दिवशी शाबास म्हणालात, बाई.