दगडातलं सुटं तेल

शमिका: बाबा, फोन खाली ठेवा आधी. कंपनीच्या प्रणीतला इतक्यात काही कळवू नका, असं मी सकाळीच म्हटलं होतं.

बाबा: मी एवढंच सांगितलं, की लॅबचा निकाल आला आणि चांगला आला.

शमिका: चांगला आला असं मी कधी म्हटलं?

बाबा: तू कशाला म्हणायला हवंस? कागदावर आहे. दगडात सुटं तेल भरपूर. अख्खी नोकरी हेच कागद वाचण्यात गेली माझी.

शमिका: मग त्याच्या खालची ओळही वाचा.

बाबा: चष्मा दे.

शमिका: डोक्यावर आहे.

बाबा: हं. तापमानाचा आकडा जरा कमी दिसतोय.

शमिका: जरा नाही. तुमचा दगड कच्चा आहे. तळ्याच्या तळाशी शेवाळ साचलं, चिखलात गाडलं गेलं, चिखल दडपून त्याचा शेल दगड झाला, सगळं कबूल. पण तो पुरेसा तापलाच नाही. न तापलेल्या दगडात तेल होईल कसं?

बाबा: शेजारच्या थरातून झिरपलं असेल. हे तुला मीच शिकवलंय, सातवीत असताना, हाच दगड हातात देऊन.

शमिका: या दगडातून पाणीही पलीकडे जात नाही, हेसुद्धा तुम्हीच शिकवलंत. त्याच दिवशी.

बाबा: ऑफिसात निवृत्त होईपर्यंत हेच ऐकलं. उपेंद्र, तुमचं तळं कच्चं आहे. बोअर बंद केली. तिच्यातून निघालेले बाकीचे सगळे तुकडे गोदामाच्या गळक्या छपराखाली चिखल होऊन गेले. हा एक मी घरी आणला म्हणून राहिला. आता कुठे एक कंपनी तेलासाठी तो भाग घ्यायचा म्हणतेय, सोमवारी बेळ्ळंदूरच्या त्यांच्या ऑफिसात मला बोलायला बोलावलंय, आणि माझी मुलगी ऑफिसातल्या लोकांची री ओढतेय.

शमिका: तुमची मुलगी आहे म्हणूनच तीनदा तपासला. आधी वाटलं, माझ्याच हाताचं तेल लागलं असेल. हातमोजे बदलले, भांडी भट्टीत भाजून घेतली, दगडाच्या आतला भाग कापून घेतला. पुन्हा तेच. मग ते तेल कसलं आहे ते पाहिलं. जमिनीतलं नाहीये, बाबा.

बाबा: मग काय आभाळातलं आहे?

शमिका: खोबरेल आहे.

बाबा: काय?

शमिका: नारळाचं. डोक्याला लावतात ते. त्याची खूण इतकी वेगळी असते की चूक होऊ शकत नाही.

बाबा: तुमच्या मशीनमध्ये आदल्या दिवशी कुणीतरी साबण तपासला असेल.

शमिका: मशीन रिकामं चालवूनही पाहिलं. काही नाही आलं. तेल दगडातच आहे. याला कोण हात लावायचं?

बाबा: कोणी नाही. शोकेसला कुलूप असतं.

शमिका: आणि किल्ली?

बाबा: तुझ्या आईकडे असायची. पण तिनं कधी हात लावला नाही. लग्न झाल्या झाल्या सांगून ठेवलं होतं, दगडांना फडकंसुद्धा लावायचं नाही. ती आता उत्तर द्यायला नाही, म्हणून उगाच तिच्या नावावर काही घालू नकोस.

शमिका: घालत नाहीये. विचारतेय.

बाबा: विचारायचं तर तुझ्या करवतीला विचार. तू कापलास आणि कडेचे पापुद्रे सुटायला लागले. इतकी वर्षं एक पापुद्रा निघाला नव्हता. साधा शेल असा टिकत नाही, वाळला की भिजून सुकलेल्या पुठ्ठ्यासारखा सुटत जातो. हा टिकला, कारण यात माल आहे. आल्यागेल्याला मी हेच तर दाखवायचो.

शमिका: कापायच्या आधीच सुटत होता. दिवाळीत शोकेस मी पुसली ना, तेव्हा त्याच्याखाली चुरा पडलेला होता. पहिल्यांदाच. आणि ती आईशिवायची पहिली दिवाळी...

बाबा: बेल वाजतेय. दार उघड.

(दार उघडते. शेजारच्या सत्यवतीअक्का हातात भांडं घेऊन आत येतात.)

अक्का: अवरेकाळूचं सारू आणलंय, अण्णा, तुमची ती पावट्याची आमटी. गरम आहे तोवर खावा. भिंतीपलीकडं तुमची दोघांची गडबड ऐकू येत होती, म्हटलं स्वल्प जाऊन यावं.

शमिका: बरं झालं आलात. अक्का, तुम्ही दुपारी आईजवळ येऊन बसायचात. हा काळा दगड तिनं कधी बाहेर काढला होता का?

अक्का: कधी म्हणजे काय? शनिवारी काढायची की.

बाबा: कुठल्या शनिवारी?

अक्का: सगळ्याच. पहिलं तुम्ही टूरवर असायचा. नंतर रिटायर झाल्यावर लायब्ररीला गेला की.

बाबा: काढून करायची काय?

अक्का: त्याचे पापुद्रे निघत होते, अण्णा. सुरुवातीलाच. तिला भीती, तुम्हाला वाटेल कुणीतरी पाडला म्हणून. मला विचारली, अक्का, काय करू. आमच्या देवळात काळ्या दगडाच्या मूर्तीला तेल लावतात, चीर पडू नये म्हणून. तेच सांगितलं. खोबरेल चोळून ठेव म्हटलं. राहिला की नाही धड?

शमिका: म्हणजे पापुद्र्यांच्या फटींतून आत मुरलं. किती वर्षं चाललं हे?

अक्का: तू दोन वेण्या घालून शाळेला जायचीस तेव्हापासून. का ग? काही चुकलं काय?

शमिका: नाही, अक्का.

बाबा: नाही कसं? चुकलंच. हजारदा सांगितलं होतं. सगळं घर तिच्या मनाप्रमाणे चालायचं, मी एक गोष्ट मागितली होती. याला हात लावू नकोस. त्या थराचा दुसरा तुकडा कुठे उरलेला नाही. आणि मी लोकांना बसवून सांगायचो, बघा, यात माल आहे म्हणून सुटत नाही. तिच्यासमोर सांगायचो. ती चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. एक अक्षर बोलली नाही.

अक्का: आमच्याकडं येऊन हसायची मात्र.

बाबा: हसायची?

अक्का: हो की. तोंडाला पदर लावून. म्हणायची, यांना सांगू नको हं अक्का, फार खूश असतात त्या दगडावर.

शमिका: बाबा, बसा जरा.

बाबा: बसलोच आहे.

शमिका: प्रणीतला मी सांगू का?

बाबा: तू कशाला? दगड माझा आहे. नमुना बिघडलेला होता, आकडा धरू नका, म्हणून सांगतो. आणि दगड कच्चा आहे, तेही सांगतो. सोमवारी उगाच चार माणसं गोळा करायला नकोत.

शमिका: बिघडला कशानं, म्हणून विचारेल तो.

बाबा: घरगुती कारण आहे म्हणेन.

शमिका: माझ्या लॅबमध्ये तो धुऊन निघेल. सगळं खोबरेल काढून टाकता येतं. मग पुन्हा मोजू. फार काही बदलणार नाही, पण तुम्हाला खात्री...

बाबा: धुवायचा नाही.

शमिका: बाबा, तपासायला तर आता तो कामाचा नाही. तुम्हीच म्हणताय, कच्चा. धुवायचाही नाही. मग नक्की करायचंय काय त्याचं? नुसता ठेवला तर होळीपर्यंत चुरा होईल.

बाबा: कळतं मला. शेल आहे. अक्का, ती तेल गरम करून लावायची की तसंच?

अक्का: तसंच, बाटलीतलं. या थंडीच्या दिवसांत थिजलेलं असायचं ना, मग बाटली दोन्ही हातांत धरून बसायची.